धागा: भिंतीवरचं चित्रकथीचं पान – ही कथा कोणती?

सांजवात

नमस्कार मंडळी.

गेली पस्तीस वर्षं आमच्या डोंबिवलीच्या घरी बाहेरच्या खोलीत एक चित्र आहे. बाबांनी ते मुंबईतल्या एका हस्तकला प्रदर्शनातून आणलं, काच लावून चौकट करून घेतली आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता त्याच्याकडे बघायचा.

उंची फूटभर, रुंदी सव्वा फुटाच्या आसपास. कागद जुना, तपकिरी पडलेला. दोन योद्धे समोरासमोर. दोघांचेही चेहरे एका बाजूने काढलेत, पण डोळा अख्खा, मोठा, टक लावलेला. डावीकडचा रथात उभा आहे, डोक्यावर मुकुट, जाड मिशा. उजवीकडचा पायी, मिशी न फुटलेला, पोरसवदा. दोघांच्या मध्ये बाणांची इतकी गर्दी की कोणाचा बाण कुठला ते कळू नये. उजव्या कडेला झाडाला बांधलेला घोडा, त्याच्या कपाळावर एक पट्टी. घोड्याच्या मागे नऊवारी नेसलेली बाई, एक हात वर केलेला. डोंगर नाही, आकाश नाही, मागे नुसता कोरा कागद.

आजी म्हणायची, लव आणि राम. बाबा म्हणायचे, कर्ण आणि अर्जुन. मी ज्या दिवशी जो जवळ असेल त्याचं खरं मानायचे.

या मे महिन्यात आम्ही कुडाळजवळ पिंगुळीला गेलो. तिथल्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची वस्ती आहे आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगण्याची, परंपरा याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यात २००६ साली 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय सुरू केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जागा छोटी, पण भिंती भरलेल्या. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं आणि चित्रं. पहिलंच चित्र पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच डोळा! आमच्या भिंतीवरचा.

तिथे एक छोटं आख्यान ऐकायला मिळालं. माणसं जमिनीवर बसलेली, चित्र समोर उभं टेकवलेलं. टाळ, हुडुक (डमरूसारखं वाद्य), सोबत गाणं आणि मध्ये मध्ये गद्यात संवाद. राक्षसाचा आवाज वेगळा, सीतेचा वेगळा. प्रसंग संपला की पान उलटायचं आणि पुढचं चित्र समोर यायचं. एका कथेच्या तीस-चाळीस-पन्नास चित्रांच्या गठ्ठ्याला ही मंडळी 'पोथी' म्हणतात. 'चित्रसंच' वगैरे शब्द आपले, बाहेरच्यांचे. त्यांच्यासाठी ती पोथी, म्हणजे कापडात बांधून ठेवायची, पूजा करूनच सोडायची वस्तू.

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. आपल्या घरी जे आहे ते चित्र नव्हेच, पोथीतलं एक पान आहे. कोणीतरी गाऊन दाखवायचं पान. त्याच्या आधीचं काय आणि नंतरचं काय हे माहीत नसताना आम्ही ते पस्तीस वर्षं बघतोय.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, वरच्या वर्णनावरून ही कथा कोणती असावी? आणि दुसरी, तुमच्यापैकी कोणी लहानपणी देवळात चित्रकथी प्रत्यक्ष ऐकली असेल तर कृपया सविस्तर लिहा. जे आठवेल ते, अगदी तुकडे तुकडेसुद्धा.

शनिपारकर

छान धागा. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीचा मोठा साठा आहे, तो जरूर बघा. काकासाहेब केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवले तशी ही चित्रंही जमवली. त्यांना ती पैठणच्या परिसरात मिळाली, म्हणून अभ्यासकांनी त्यांना 'पैठण शैली' म्हटलं आणि ते नाव इतकं रुजलं की पिंगुळीचा उल्लेख बराच काळ मागेच राहिला.

तुमचं चित्र मला तरी कर्णार्जुन वाटत नाही. कर्ण रथात हवा, आणि त्याच्या रथाचं चाक हा प्रसंगाचा प्राण. एक योद्धा पायी आणि बाजूला घोडा बांधलेला, हे कुरुक्षेत्र नव्हे.

गोदातीर

शनिपारकरांशी सहमत, थोडी भर घालतो. पैठणकडची चित्रं आणि पिंगुळीची चित्रं एकमेकांजवळ ठेवली तर फरक लगेच कळतो. पैठणकडची आकृती भरगच्च, रंग गडद, चेहरा चामड्याच्या बाहुलीसारखा कापून काढल्यागत. कर्नाटक-आंध्राच्या चर्मबाहुल्यांशी तिचं नातं सरळ दिसतं. पिंगुळीची रेघ त्या मानाने मोकळी, कागद श्वास घेतो. सांजवात यांनी 'मागे कोरा कागद' लिहिलंय त्यावरून पिंगुळीचंच वाटतं.

परंपरा किती जुनी याबद्दल लोक मोठमोठे आकडे सांगतात, त्यात शिरत नाही. पण बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे चित्र समोर धरून गोष्ट सांगणारा माणूस आपल्या या भागात नऊशे वर्षांपूर्वी राजाच्याही माहितीचा होता.

कर्लीकाठ

आमच्या गावात देवळात ठाकार येयत. राती जेवणा झाली की माणसा जमत. गॅसबत्ती एकच, ती चित्राच्या बाजूक. बाकी सगळो काळोख. मी आजयेच्या मांडयेर बसान बगी. चित्र बदलला की सगळी माणसा वायच फुडे सरकत. हरिश्चंद्राचा आख्यान चालू असला की आजी डोळे पुसत बसा. गोष्ट तिका तोंडपाठ, तरी दर वर्सा रडा.

(हे माझ्या डोक्यात मालवणीतच आहे, म्हणून तसंच लिहिलं. पुढचं प्रमाण मराठीत लिहितो.)

ही माणसं वाटेल तेव्हा, वाटेल तिथे येत नसत. कुठल्या घराण्याने कुठल्या गावी, कुठल्या देवळात सादर करायचं ते ठरलेलं असे. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. गावाकडून भात, नारळ, थोडे पैसे मिळत. पावसाळ्यात हे सगळं बंद. मग शेतमजुरी. म्हणजे ज्यांना आपण आज कलाकार म्हणतो ते वर्षातले कित्येक महिने दुसऱ्याच्या शेतात वाकलेले असायचे. हे विसरून नुसतं 'वारसा वारसा' केलेलं मला आवडत नाही.

आणि एक विचारतो. तुम्ही चौकट उघडून चित्राची पाठ बघितली आहे का?

सांजवात

कर्लीकाठ, तुमच्या आजीबद्दल वाचून गलबललं. माझी आजी रोज दुपारी पांडवप्रताप वाचायची आणि ठरावीक ओव्यांना तिचाही आवाज बदलायचा.

चौकट उघडलेली नाही. मागे पुठ्ठा आहे, खिळे गंजलेत. का विचारलंत?

कर्लीकाठ

कारण पोथीतली पानं पाठपोट असतात. दोन कागद पाठीला पाठ लावून खळीने चिकटवायचे. त्यामुळे पान जाड होतं, हातात उभं राहतं आणि उलटलं की पुढचा प्रसंग. तुमचं पान खरंच पोथीतलं असेल तर मागे दुसरं चित्र असणार.

रंगरेषा

सांजवात, कृपया घाई करू नका! पस्तीस वर्षांपूर्वीच्या चौकटवाल्याने पुठ्ठा गोंदाने थेट चित्राला चिकटवला असू शकतो. पाणी लावू नका, सुरी घालू नका, घरच्या घरी वाफ देऊ नका. जुन्या चित्रांतले रंग मातीचे आणि दगडाचे असतात – गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, काजळीचा काळा – आणि ते डिंकात कालवलेले. ओल लागली की सरळ उठून येतील. कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

मी चित्रकला शिकवते. मुलांना पिंगुळीची रेघ दाखवते तेव्हा पहिला प्रश्न येतो, 'चेहरा बाजूने आणि डोळा समोरून का?' उत्तर देवळातल्या त्या एका दिव्यापाशी आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पंधरा-वीस फुटांवरून, मंद उजेडात, एका क्षणात कळलं पाहिजे की कोण कोणाकडे बघतोय. बाजूचा चेहरा दिशा सांगतो, मोठा डोळा भाव सांगतो. म्हणूनच मागे डोंगर-झाडं-ढग नाहीत. अरण्य हवं तर एक झाड पुरे. राजवाडा हवा तर एक कमान. बाकीचं गाणारा सांगणारच आहे, मग चित्रकाराने ते काढायचं कशाला? त्याला ठाऊक असतं की आपलं काम अर्धं आहे आणि उरलेलं अर्धं आवाज करणार आहे. बऱ्याचदा चित्र काढणारा आणि गाणारा एकाच घरातला, कधी तर तोच.

रंग सपाट, छटा नाहीत. त्याचंही कारण तेच. छाया-प्रकाश दिव्याच्या उजेडात मरतो, रेघ मरत नाही.

आता थोडं कडू. शहरातल्या दुकानांमधून चित्रकथीच्या आकृत्या कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, चाव्यांच्या साखळ्यांवर दिसतात. रावणाची दहा तोंडं चहाच्या कपावर बघून मला त्रास होतो. पान पोथीतून सुटलं तिथेच त्याचा जीव निम्मा गेला. मग आकृती पानातूनही सोडवायची, हे फार झालं.

निळासावळा

रंगरेषा, तुमच्या रेषेबद्दलच्या विवेचनाला मनापासून दाद. पण शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

मी लीड्सला राहतो. माझ्या मुलीच्या खोलीत चित्रकथी शैलीतलं हनुमानाचं एक छोटं चित्र आहे, पिंगुळीहूनच घेतलेलं. पोथी घेणं मला परवडलं नसतं आणि घेऊन मी तिचं काय केलं असतं? गाणार कोण? कर्लीकाठ यांनीच लिहिलंय की पावसाळ्यात शेतमजुरी. आज देवळाने दिलेल्या भात-नारळावर घर चालत नाही. पुस्तकातली खूणपट्टी विकून एखादा तरुण ब्रश हातात धरून बसत असेल तर ती खूणपट्टी पवित्र आहे, असं मी म्हणेन. नाहीतर तो मुंबईला सुरक्षारक्षक होईल आणि आपण इथे सुंदर प्रतिसाद लिहीत बसू.

रंगरेषा

निळासावळा, कलाकाराने स्वतः काढून विकलेल्या छोट्या चित्राबद्दल माझी तक्रार नाही, ते मी नीट लिहायला हवं होतं. तक्रार आहे ती आकृती उचलून यंत्रावर छापणाऱ्यांबद्दल. त्यातला एक रुपया गुढीपूरला जात नाही. तुमच्या मुलीच्या खोलीतला हनुमान तिथून आलाय, तो वेगळा.

तरीही एक गोष्ट सोडत नाही. सुटं चित्र विकायला लागलं की चित्रकार बदलतो. मग प्रत्येक चित्र एकट्याने सुंदर दिसलं पाहिजे, रिकामी जागा भरली पाहिजे, किनार आली पाहिजे. पोथीत काही पानं मुद्दाम साधी असतात, दूत निघाला, दूत पोचला, एवढंच. ती कोणी विकत घेत नाही. मग ती काढणं थांबतं. आणि ती थांबली की कथा तुटते, कारण मोठ्या प्रसंगाकडे जाणारा रस्ता त्या साध्या पानांचा असतो.

चिंचोका

थोडं शेजारच्या गावाचं सांगते, पण विषय धरूनच आहे.

मी सावंतवाडीची. आमच्याकडे चितार आळी आहे, चितारी समाजाची. लाकडी खेळणी, पाट, देव्हारे आणि गंजिफा ही त्यांची कामं. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण एकशेवीस. प्रत्येक संचात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं. म्हणजे खेळणारा पत्ता टाकतो तेव्हा अवताराचं स्मरण आपोआप होतं. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम तो आधी उतरणार, रात्री बसलं तर कृष्ण. मला ही गोष्ट फार आवडते.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर पांढरा लेप देऊन, दगडाने घोटून गोल कापायचे, मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात. (माझं इथलं नाव त्या खळीवरूनच घेतलंय.) छापील पत्ते आले आणि गंजिफा जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, स्वतः हातात ब्रश धरला आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आजही राजवाड्याच्या दरबारात बसून कलाकार रंगवताना दिसतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे सांगण्याचं कारण असं की आमच्या गंजिफेचं जे झालं तेच निळासावळा आणि रंगरेषा यांच्या वादाच्या मधोमध उभं आहे. आज गंजिफा विकत घेणाऱ्या दहा जणांतल्या किती जणांना खेळता येतं? माझ्या आजोबांना यायचं. पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि पुढच्या पाचांत एक्का मोठा, हे त्यांनी मला शिकवलं. माझ्या मुलाला मी शिकवतेय. पेटी सुंदर आहे म्हणून कपाटात राहिली तर एकशेवीस देव कोंडल्यासारखं वाटतं मला.

माधुकरी

सर्वांचे प्रतिसाद वाचून आनंद झाला. वय त्र्याहत्तर, त्यामुळे टंकायला वेळ लागतो.

कामानिमित्त माझी काही वर्षं राजस्थानात गेली. भिलवाडा जिल्ह्यात शाहपुरा इथे जोशी घराण्याचे चित्रकार 'फड' रंगवतात. लांबलचक कापडावर पाबूजी किंवा देवनारायण या लोकदेवतांची अख्खी कथा. फड रंगवणारा जोशी आणि ती गाणारा भोपा, ही दोन निराळी माणसं. त्या घराण्यातल्या श्रीलाल जोशींना २००६ साली पद्मश्री मिळाली. फड पूर्ण झाली की सर्वांत शेवटी मुख्य देवतेचे डोळे काढतात. डोळे उघडले की ते कापड राहत नाही, देऊळ होतं. भोपा ते खांद्यावर घेऊन गावोगाव जातो, रात्री उभारतो, भोपी दिवा धरते, तो रावणहत्ता हे तंतुवाद्य वाजवत गातो. आणि फड जीर्ण झाली की टाकत नाहीत, विकत नाहीत. पुष्करच्या तलावात विसर्जन करतात. 'फड ठंडी करणं' म्हणतात त्याला.

आपल्याकडेही फाटलेली पोथी पाण्यात सोडण्याची रीत होती असं ऐकलं आहे. कर्लीकाठ सांगू शकतील.

आता मूळ प्रश्नाकडे. घोड्याच्या कपाळावर पट्टी, म्हणजे तो अश्वमेधाचा घोडा. पट्टीवर आव्हान लिहिलेलं असतं. घोडा झाडाला बांधला म्हणजे पोराने आव्हान स्वीकारलं. इथे दोनच कथा संभवतात. एक लव-कुश, दुसरी बभ्रुवाहन. आजींचं 'लव आणि राम' अगदीच चुकीचं नव्हतं. जैमिनी अश्वमेधात अर्जुन आणि बभ्रुवाहन यांच्या युद्धाच्या वेळीच कुश-लवांचं आख्यान येतं, कारण दोन्हीकडे बाप आणि मुलगा समोरासमोर आहेत. श्रीधरांनी जैमिनी अश्वमेध मराठीत आणला तो आमच्या घरी चातुर्मासात वाचला जायचा.

पण चित्रात मुलगा एकच. लव-कुश असते तर चित्रकाराने दुसरा कुठेतरी उभा केला असता. माझं मत बभ्रुवाहनाकडे झुकतं. मागची बाई मग सीता नव्हे, मणिपूरची चित्रांगदा. खात्री मात्र पुढचं पान बघूनच होईल.

कर्लीकाठ

माधुकरीकाका, हो. फाटकी पानं वहाळात सोडत, जुनी माणसं तसं सांगतात. म्हणून तर जुन्या पोथ्या कमी उरल्या. आणि उरल्या त्यातल्या किती बाहेर गेल्या! अडचणीच्या वर्षी कोणी तरी शहरातला माणूस यायचा, पानामागे काही रुपये द्यायचा. विकणाऱ्याला मी कधी दोष देणार नाही. पण गंगावणे यांच्यासारख्यांनी घरातल्या पोथ्या विकल्या नाहीत, सांभाळल्या, हे किती मोठं आहे ते अशा वेळी कळतं. त्यांच्या मुलांनीही हे काम हातात घेतलंय.

सांजवात

तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमचं पान कुठल्या वर्षी, कोणाच्या घरातून निघालं असेल? बाबांनी पावती ठेवलेली नाही. त्यांनी ते प्रेमाने घेतलं आणि प्रेमाने लावलं, हे मला माहीत आहे. तरी पोथीत एक जागा रिकामी झाली, हेही खरंच.

रंगरेषा, तुमचं ऐकलं. एका कागद-जतन करणाऱ्या बाईंकडे चित्र दिलंय. त्या म्हणाल्या, तीन आठवडे तरी लागतील. पुठ्ठा खरंच चिकटवलेला आहे. कळवतेच.

फोंडेकर

वाचतोय. गोव्यात आमच्याकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रं आहेत, चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावरचा तांबडा थर खरवडून काढलेली. तीही नूतनीकरणात टाइल्सखाली गेली. निकालाची वाट बघतोय.

शनिपारकर

मीही. रोज येऊन बघतोय.

सांजवात

मंडळी, चित्र आलं.

मागे दुसरं चित्र आहे.

आधी त्या बाईंबद्दल. त्यांनी पुठ्ठा कोरडाच, पापुद्र्या-पापुद्र्याने सोलून काढला. सोळा दिवस. शेवटचा थर काढताना मला बोलावून घेतलं. डाव्या कोपऱ्यात रंग थोडा उडालाय, एका जागी गोंदाचा डाग कायमचा राहणार. बाकी रंग पुढच्या बाजूपेक्षाही ताजे आहेत, कारण त्यांनी पस्तीस वर्षं उजेड पाहिला नाही. पुढचा तांबडा विटकरी झालाय. मागचा अजून कुंकवासारखा आहे.

चित्र असं. खाली एक पुरुष आडवा. तोच मुकुट, त्याच जाड मिशा. डोळा मिटलेला. (तो एकच डोळा मिटलेला बघून कसंतरी झालं.) त्याच्या पायाशी तो पोरगा, हात जोडून, धनुष्य जमिनीवर टाकलेलं. उशाशी दोन बाया. एक दर्शनी बाजूच्या चित्रातलीच, नऊवारी तीच, किनार तीच. दुसरीच्या डोक्यावर पाच फण्यांचा नाग आहे आणि तिच्या तळहातावर एक गोल, पिवळा, भोवती किरणांसारख्या रेघा. घोडा नाही, बाण एकही नाही.

माधुकरी

उलूपी! अर्जुनाची नागकन्या पत्नी. हातात संजीवक मणी. आता शंका नाही, बभ्रुवाहनच.

ज्यांना कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा घेऊन अर्जुन मणिपूरला पोचतो. तिथला राजा बभ्रुवाहन हा त्याचाच मुलगा, चित्रांगदेचा. मुलगा नजराणे घेऊन, नमस्कार करायला सामोरा येतो. अर्जुन त्याला झिडकारतो, क्षत्रिय असून लढत नाहीस म्हणून टोचून बोलतो. मग युद्ध होतं आणि मुलाच्या बाणाने बाप पडतो. पुढे नागलोकातल्या मण्याने अर्जुन पुन्हा उठतो.

सांजवात, तुमच्या चित्रातली बाई हात वर करून उभी आहे, ती दोघांनाही थांबवते आहे. एक नवरा, एक मुलगा. हे आता कळल्यावर दर्शनी बाजूचं चित्र पुन्हा एकदा बघा.

रंगरेषा

माधुकरीकाका, मी आत्ताच बघितलं, सांजवात यांनी पाठवलेला फोटो. तिचा हात बाणांच्या गर्दीच्या बरोबर वरच्या रेषेत आहे. कुठलाही बाण त्या हाताच्या वर गेलेला नाही. काढणाऱ्याला नमस्कार.

निळासावळा

मुलीला गोष्ट सांगितली. तिचा प्रश्न: मग अर्जुन उठल्यावर मुलाला काय म्हणाला? ते पान कुठे आहे?

सांजवात

निळासावळा, तेच पान आमच्याकडे नाही.

काल आईला दोन्ही बाजू दाखवल्या आणि माधुकरीकाकांनी लिहिलेली कथा वाचून दाखवली. तिने पान हातात धरून दोनदा उलटून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मारलं ते लोकांना दाखवलं, आणि उठवायला मणी आणला तो भिंतीकडे तोंड करून ठेवला."

आता दोन्ही बाजूंना काच असलेली चौकट करून घेतोय. ती भिंतीवर लावणार नाही. बाहेरच्या खोलीत खिडकी आणि दार यांच्या मधल्या दांडीला, उलटता येईल अशी टांगणार. ऊन येत नाही अशी जागा बघून ठेवली आहे. दोन्ही बाजूंचे मोठे फोटो पिंगुळीला पाठवले आहेत. त्यांच्या पोथ्यांमध्ये हा प्रसंग आहे का, आणि हे पान कोणाच्या हातचं असू शकेल, ते त्यांना बघायचं आहे. तिथेच असायला हवं असं ठरलं तर आम्ही ते परत नेऊ. आईची तयारी आहे.

कर्लीकाठ

कार्तिकात जत्रा सुरू होतत. त्या टायमाक येवा, आवशीक घेवन येवा. पान पण हाडा. कोण तरी गातलो.